मदत हवी आहे: मका पेरून १२ दिवस झाले, निम्माही उगवला नाही, मोडून परत पेरू का?

पहाटपेर
मका पेरून आज १२ दिवस झाले. निम्मा पण वर आला नाही. जो आलाय तो पण पुढंमागं, काहींना दोन पानं आणि काही आत्ता कुठं सुईसारखे डोकावतायत. शेजारचा पेरा माझ्यानंतरचा, त्याच्या ओळी लांबून दिसायला लागल्या. मशागत नीट केलेली, बियाणं नवीन, पिशवी मी स्वतः फोडली. ३ एकर आहे. पेरणी यंत्रवाला परवा मोकळा आहे, त्यानंतर आठ दिवस मिळणार नाही. मोडू की थांबू? आज-उद्यात ठरवायचंय. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा.

जुनी पाभर
किती खोल पेरलंय? जमीन भारी की हलकी? पाणी पेरणीआधी दिलं की नंतर? यातलं काहीच लिहिलं नाही. आम्ही सांगायचं कशावरून?

हिरवा पोंगा
दादा, लष्करी अळीकडं दुर्लक्ष करू नका. मागल्या हंगामात माझं पीक गुडघाभर असताना तीन दिवसांत पोंगे, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, खाल्ले. पोंग्यात अंडीपुंज दिसला की तिथंच चिरडायचा, फवारणी संध्याकाळी आणि थेट पोंग्यात. पतंग धरायचे कामगंध सापळे आत्ताच लावून ठेवा.

जुनी पाभर
हिरवा पोंगा, त्याचा मका जमिनीच्या वर नाही आणि तुम्ही पोंग्यात फवारताय. आधी उगवू द्या.

पहाटपेर
जमीन मध्यम काळी. यंत्राने पेरलं, ४ ओळींचं. ६० सेंमीवर ओळ, दोन रोपांत २० सेंमी. पेरून त्याच संध्याकाळी पाणी सोडलं. खोली यंत्रवाल्याने लावली, बरोबरच असणार.

ओलावा
"बरोबरच असणार" यावर ३ एकर मोडू नका. खुरपं घ्या आणि दाणे उकरून बघा. ५ ठिकाणी, न उगवलेल्या जागी. दाणा कसा आहे ते लिहा: कोरडा टणक, फुगलेला, मोड आलेला, कुजलेला की पोकळ. या पाचांची कारणं पाच आहेत.

आणि जमिनीचं तापमान? हवेचं नको. सकाळी ५ सेंमी खोलीवरचं. मक्याचा दाणा १० अंशांच्या खाली जवळपास हलत नाही.

पहाटपेर
थर्मामीटर घातला. सकाळी १२, दुपारी २०.

ओलावा
म्हणजे सरासरी १६ धरू. त्यातून १० वजा केले की रोजचे ६ अंश हाती लागतात. पेरल्यापासून कोंब वर यायला अशा रोजच्या अंशांची बेरीज साधारण ६५, म्हणजे ६५ अंश-दिवस, व्हावी लागते, म्हणजे तुमच्या रानात ११ दिवस. १२व्या दिवशी सगळं रान हिरवं दिसायची अपेक्षाच जास्त होती. २५ अंशांच्या जमिनीत हाच मका चार-पाच दिवसांत येतो, म्हणून उन्हात पेरणाऱ्याला थंडीतला उशीर भयंकर वाटतो. शेजाऱ्याचं रान हलकं असेल तर ते लवकर तापतं, त्याच्याशी तुलना नको.

पण उशीर वेगळा आणि पुढंमागं उगवणं वेगळं. त्याचं कारण शोधायलाच हवं.

बांधावरून
मी दरवर्षी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सावलीत सुकवून पेरतो, दोन दिवस आधी येतं. दुसऱ्यांदा पेरणार असाल तर हे करा.

तिफण
असं कोणी करू नका. पिशवीतल्या संकरित बियाण्याला आधीच औषध लावलेलं असतं. भिजवलं की ते धुऊन जातं आणि हाताला लागतं ते वेगळंच. शिवाय भिजवलेला दाणा थंड, ओलसर मातीत गेला तर कुजायची भीती जास्त.

बांधावरून
वीस वर्षं करतोय. टोकणीला घरचं बी असतं, त्याला कसलं औषध?

तिफण
काका, मग तसं लिहा ना. या दादांचं पिशवीचं बी आहे. आणि दादा, उरलेल्या बियाण्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सात दिवसांत बियाण्याचा दोष आहे की नाही ते कळेल.

ओलावा
तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. घरात ऊब असते. उबेत ९५ उगवणारं बी थंड मातीत ७० पण उगवू शकतं. दाणा सुरुवातीलाच आपल्या वजनाच्या ३० टक्के पाणी ओढतो. त्या पहिल्या एक-दोन दिवसांत पाणी फार गार असलं तर आतल्या पेशी फाटतात, मग पुढं कितीही ऊन पडो. म्हणून थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पेरून लगेच गार पाणी सोडलेलं मला आवडत नाही.

मुरघास
आमच्याकडं निम्मी पेरणी झालीय, बाकीचं रान वाफशावर, म्हणजे चिखल जाऊन मोजक्या ओलीवर, यायची वाट बघतोय. ओलात यंत्र घातलं की ढेकळं होतात आणि पुढं वर्षभर भोगावं लागतं. बाकीच्यांची पेरणी कुठवर आली?

काळी रान
माझी सगळी झाली, आज ९वा दिवस, कोंब सुईवर आहेत. चिंबवणी, म्हणजे पेरणीनंतरचं पाणी, दिली नाही, पेरायच्या आधीच रान भिजवून वाफशावर पेरलं. ज्यांना जमेल त्यांनी हेच करावं. वरून पाणी दिलं की पपडी धरते.

जुनी पाभर
आपापली पेरणी दुसऱ्या धाग्यात लिहा हो. इथं या माणसाला उद्या निर्णय घ्यायचाय.

पहाटपेर
उकरलं. ८ ठिकाणी. चांगल्या ओळीत दाणा ५ सेंमीवर आहे, मुळं धरलीत. विरळ ओळीत दाणा २ सेंमीवरच सापडला, कोरडा, नुसता टणक. काही ठिकाणी मोड आलाय पण मूळ आखूड आणि जाड, गाठ आल्यासारखं. एक कोपरा खोलगट आहे, तिथं पाणी दोन दिवस साचलं होतं. तिथले दाणे बोटाने दाबले की पिठासारखे होतात. आणि एक सांगायचं राहिलं, विरळ ओळी कुठंही कशाही पसरलेल्या नाहीत. दर चार ओळींमागे दोन विरळ, दोन चांगल्या.

तिफण
हे पहिल्याच वेळी लिहिलं असतं तर एवढी चर्चा लागली नसती. रान ठिगळाठिगळांनी विरळ असलं तर दोष मातीचा, पाण्याचा किंवा किडीचा. ओळीच्या हिशेबाने विरळ असलं तर दोष यंत्राचा. त्या दोन ओळी ट्रॅक्टरच्या चाकामागच्या असणार. चाकाने दाबलेल्या मातीत फाळ उतरला नाही. यंत्रवाल्याने चार दाणे उकरून बघितले असते तर पहिल्या फेरीतच कळलं असतं. पण तेव्हा बांधावर आपणही उभे असतो.

मूळ आखूड आणि जाड म्हणताय, तर तणनाशक मारलं का?

पहाटपेर
हो. दुसऱ्या दिवशी. पेंडीमिथॅलिन. ते सगळेच मारतात म्हणून लिहिलं नाही.

ओलावा
तिथंच आहे. ते औषध वरच्या थरात बसतं आणि दाणा निदान ४ सेंमी खाली असला तरच मका त्यातून वाचतो. २ सेंमीवरचा दाणा थेट औषधात रुजतो आणि मूळ असंच ठोकळ होतं. चांगल्या ओळींना काही झालं नाही, कारण त्या खोल आहेत.

बांधावरून
नांग्या भरा, म्हणजे रिकाम्या जागी परत दाणे टोका, आणि मोकळे व्हा. मजूर लावले की दोन दिवसांचं काम.

ओलावा
काका, कपाशीत ठीक आहे, मक्यात पटत नाही. आज टोकलेला दाणा दहा-अकरा दिवसांनी वर येणार, तोवर शेजारच्या रोपाला तीन-चार पानं झालेली असणार. तो कायम सावलीत राहतो, त्याला कणसाचे केस फुटतात तेव्हा बाकीच्यांचे तुरे झडून गेलेले असतात. दाणा भरत नाही. खत-पाणी मात्र खातो.

बांधावरून
वैरण तर होते.

मुरघास
हे खरंय. जनावरं असतील तर नांग्या वाया जात नाहीत. पण दाण्यासाठी लावला असेल तर ओलावा म्हणतायत ते बरोबर.

तिफण
मोजा आधी. ६० सेंमीच्या ओळीत ६ मीटर ७५ सेंमी दोरी टाका. तेवढ्यात जेवढी रोपं, त्याला हजाराने गुणलं की एकरी रोपं. तुमच्या अंतरावर पूर्ण उगवण म्हणजे ३३-३४ रोपं.

पहाटपेर
चांगल्या ओळी २७, २९, २६. विरळ ओळी ११, ९, १०.

तिफण
म्हणजे एकरी १८-१९ हजार. आज मोडायचं का म्हणाल तर माझं मत नाही. कोरडा टणक दाणा मेलेला नाही, त्याला फक्त ओल मिळालेली नाही. तुषार लावून हलकं पाणी द्या, फक्त वरचा थर ओला होईल एवढं, पाट सोडू नका. पपडी असेल तर तीही मऊ होईल. कोंब जमिनीखालीच पान उघडायला लागला की तो वर येत नाही, म्हणून उशीर नको. दुपारी द्या, रात्री नको.

जुनी पाभर
आणि यंत्रवाल्याला परवाचा नकार कळवा. त्याच्या सवडीवर पीक मोडायचं नसतं.

पहाटपेर
सकाळी त्याला नको म्हणून सांगितलं. तुषार दोन तास चालवले. मोजून परत लिहितो.

हिरवा पोंगा
माझ्या मक्याची पानं जांभळी पडलीत, तिसरं पान आहे. स्फुरद कमी पडलं का? फवारू का?

काळी रान
थांबा. गार रात्री आणि लहान मुळं असली की जांभळं होतंच. जमीन तापली, मुळं पसरली की आपोआप हिरवं होतं. पंधरा दिवसांनीही तसंच राहिलं तर बघा.

पहाटपेर
पेरणीचा १८वा दिवस. चांगल्या ओळी २८, २९, २८. विरळ ओळी २२, १९, २०. काही रोपं अजून वर येतायत, पण ती मागं आहेत हे दिसतंय. एकरी २४ हजारांच्या आसपास. मोडत नाही. खोलगट कोपरा तेवढा चर काढून, वाफशावर हाताने टोकणार, ५ सेंमीवर, जनावरांच्या वैरणीसाठी.

एक विचारायचंय. त्या उथळ ओळींची मुळं वरच राहतील ना? वाऱ्याने लोळतील अशी भीती वाटते.

ओलावा
मुख्य मुळं जमिनीच्या दीड-दोन सेंमी खालून फुटतात, दाणा खोल असला तरी. तुमचा दाणाच तिथं आहे, म्हणजे मुळं अगदी वर, कोरड्या मातीत फुटणार. पहिल्या कोळपणीला या ओळींवर माती ओढून घ्या, पण रोपाचा पोंगा झाकू देऊ नका. नंतर गुडघाभर झाल्यावर खताबरोबर मातीची दुसरी भर द्या. तोपर्यंत या ओळींना ओल कमी पडू देऊ नका.

पहाटपेर
कोळपणी रविवारी धरतो. चाकामागच्या ओळींना खुंट्या ठोकून खुणा केल्यात.