फर्स्ट एसीचा कूपे मागून मिळतो का?

भटक्या_पुणेकर: आईबाबांना पुण्याहून दुरांतोने दिल्लीला पाठवायचंय, दोघांचाच कूपे असतो म्हणे, बुकिंग करतानाच निवडता येतो का?

कोथरूडकर: नाही हो. केबिन चार बर्थची, कूपे दोनचा, पण काय मिळालं ते चार्ट (गाडी सुटण्याआधी लागणारी प्रवाशांची आणि बर्थची यादी) लागल्यावरच कळतं. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. दार आतून लावलं की स्वतःची खोलीच, फक्त कूपेत एक बर्थ वरचा असतो, बाबांचे गुडघे कसे आहेत ते आधी विचारा 😄

साइडलोअर_फॅन: मला तर साधी स्लीपरची साइड लोअरच आवडते, पाय ताणायचे, खिडकीत डोकं, आणि रात्री १० ते सकाळी ६ मधला बर्थ उघडून झोपणाऱ्या मिडल बर्थवाल्यांची कटकट आपल्याला नाहीच.

भटक्या_पुणेकर: गुडघे बाबांचे नाही, आईचे दुखतात, वर बाबाच चढतील!