सोलापूर ते हंपी, दहाजणांची सायकल सहल: रोजचा दिवस कसा आखावा?

सातरस्ता:
नमस्कार मंडळी. सोलापूरची सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आटोपली की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दहाजण सायकलवर हंपीला निघतोय. रस्ता असा ठरलाय: सोलापूर, विजयपूर, आलमट्टी, बदामी. बदामीत एक दिवस विश्रांती, मग पट्टदकल आणि ऐहोळे बघत इलकल, आणि शेवटी होस्पेटवरून हंपी. सगळं मिळून चारशे किलोमीटरच्या थोडं वर.

आमच्यात कॉलेजातली दोन मुलं आहेत आणि सर्वांत थोरले काका बासष्ट वर्षांचे. चौघी बायका. रविवारी तुळजापूर किंवा नळदुर्ग करून दुपारी जेवायला घरी, एवढी सवय सगळ्यांना आहे. पण रोज उठून परत तेच करायचं, तेही एकत्र, हे कुणीच केलेलं नाही. वाटेत काय बघायचं याची माहिती भरपूर मिळते. मला हवाय तो रोजचा दिनक्रम. किती वाजता निघायचं, किती वेळा थांबायचं, काय खायचं, मुक्कामाला पोचल्यावर काय करायचं, वेगात फरक असला तर दहाजणांना कसं सांभाळायचं? सोबत गाडी घ्यावी का, यावर तर आमच्यातच दोन तट पडलेत. ज्यांनी अशी सहल केली आहे त्यांनी मोकळेपणाने सांगा.

भीमाकाठ:
ताई, बेत छान आहे आणि ऋतूही योग्य. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो, त्यामुळे दक्षिणेला जाताना तो तुमच्या विरोधात नसेल.

आधी वेळेचा हिशेब नीट करा. ताशी अठरा किलोमीटरने चालवणारा गट थांबे धरून दिवसभरात ताशी बारा-तेराच पडतो. म्हणजे विजयपूरचे शंभर किलोमीटर हे आठ तासांचं काम आहे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. साडेसहाला उजाडू लागलं की सात रस्ता चौकातून निघा, पुढे-मागे दिवे लावून. त्याआधी अंधारात नको. उसाचा हंगाम चालू असतो, डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. निघालात की टाकळीजवळ भीमेचा पूल ओलांडून कर्नाटकात शिराल, मग झळकी, होर्ती. दुपारी अडीच-तीनला विजयपूर.

आता वेगाचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्या सहलीत हाच खरा. गटाचा वेग सगळ्यांत हळू चालवणाऱ्याचा असतो. हे निघण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने ठरवून घ्या, तोंडदेखलं नव्हे. म्हणजे प्रत्येकाने काकांच्या मागे रांगायचं असं नाही. दर पंधरा-वीस किलोमीटरला एक ठिकाण आधीच ठरवा: अमुक फाटा, अमुक पेट्रोल पंप. पुढचे तिथे थांबतील आणि शेवटचा माणूस येईपर्यंत हलणार नाहीत. इथे बहुतेक गट चुकतात ते सांगतो. पुढचे वीस मिनिटं बसतात, पाणी पितात, गार होतात, आणि मागचा पोचला रे पोचला की उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. मग तो तिसऱ्या दिवशी गप्प होतो. शेवटचा आला की तिथून पुढे दहा मिनिटं सगळ्यांनी थांबायचं, हा नियम करा.

एक माणूस कायम सर्वांत मागे हवा. त्याच्या मागे गटातलं कुणीही नाही, म्हणजे तो पोचला की सगळे पोचले. रोज तोच नको, पाळी लावा. कॉलेजच्या मुलांना एक-एक दिवस द्या, त्यांना जबाबदारीही कळते आणि काकांशी गप्पाही होतात.

कडकभाकरी:
खाण्याचं मी सांगते. घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी भरपूर न्या. कडक भाकरी चांगली वाळवलेली असली तर आठवडाभर काही होत नाही, वजन नाही, आणि भूक लागेल तिथे मोडून खाता येते. चटणीत मीठही असतं आणि तेलही, घाम गेलेल्या अंगाला दोन्ही लागतं. सोबत गुळाचे खडे, खजूर, केळी. महागडी पाकिटं घेण्याची गरज नाही.

भूक लागण्याची वाट बघायची नाही. दर तासाला तोंडात काहीतरी गेलंच पाहिजे, पाणी तर दर पंधरा मिनिटांनी दोन-दोन घोट. सकाळी निघताना पोटभर नको, चहा आणि दोन केळी पुरतात. खरा नाश्ता तीस-पस्तीस किलोमीटरनंतर. कर्नाटकात शिरलं की इडली, वडा, उप्पिट सकाळी लवकर आणि ताजं मिळतं, ते पचायलाही हलकं. दुपारी मात्र सांभाळा. खानावळीत जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी), एण्णेगाई (भरलं वांगं), पुंडीची (अंबाडीची) भाजी समोर आली की हात आवरत नाही, आणि पुढे पंचवीस किलोमीटर उरले असतील तर पाय उचलत नाहीत. मोठं जेवण मुक्कामाला पोचल्यावरच करा. वाटेत दहीभात किंवा मंडक्की, म्हणजे चुरमुरे.

जानेवारी असला तरी दुपारी ऊन चटकतं. मीठ-साखरेचं पाणी घरीच बनतं: एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. काकांना रक्तदाब किंवा साखर असेल तर हे आणि रोजची औषधं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

होटगीरोड:
गाडी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. आमच्या गटाने एकदा गाडी घेतली आणि निम्मे लोक चढ आला की गाडीत बसू लागले. सामान डोईजड झालं, कारण ठेवायला जागा होती. स्वतःचं ओझं स्वतःच्या कॅरियरवर असलं की माणूस मोजून घेतो. दोन सायकलचे कपडे, एक संध्याकाळचा जोड, एक स्वेटर, पंचा. सोलापूरचा जाडजूड टॉवेल घरीच ठेवा. टॉवेल आपला अभिमान खरा, पण तो लॉजच्या खोलीत रात्रीतून वाळत नाही आणि सकाळी ओला बांधावा लागतो. सात किलोच्या वर एकाचं सामान जाता कामा नये.

भीमाकाठ:
होटगीरोड, तरण्या गटाला तुमचं म्हणणं लागू आहे. इथे बासष्टीचे काका आहेत आणि बहुतेकांची पहिलीच वेळ आहे. गाडी असू द्या. फक्त ती सायकलींच्या मागे रांगत चालवायची नाही. महामार्गावर हळू चालणारी गाडी हाच धोका, मागून येणाऱ्या ट्रकला अंदाज येत नाही. गाडीने पुढच्या ठरलेल्या ठिकाणी जाऊन थांबायचं. आणि गाडीत बसण्यात कमीपणा नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. नाहीतर गुडघा दुखत असताना कुणीतरी भिडेपोटी रेटत राहतं आणि पुढचे चारही दिवस घालवून बसतं.

बालाघाट:
चौघी जणी आहात म्हणून मुद्दाम लिहिते, हे पुरुषमंडळी सहसा सांगत नाहीत.

वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या भीतीने बायका पाणीच कमी पितात. हे सर्वांत वाईट. डोकं दुखतं, पायात गोळे येतात, लघवीची जळजळ सुरू होते. त्यापेक्षा थांब्याची ठिकाणंच पेट्रोल पंप किंवा मोठ्या हॉटेलची ठरवा आणि गटप्रमुखाला हे आधीच स्पष्ट सांगा. यात लाजायचं काही नाही. पाळीची तारीख येत असेल तर मेन्स्ट्रुअल कप उपयोगी पडतो, पण तो पहिल्यांदा या सहलीत वापरू नका, दोन महिने आधी सवय करा. पॅड वापरणार असाल तर वाळलेल्या कपड्यांचा एक जोड जास्त घ्या.

पॅडवाली सायकलिंग शॉर्ट घालताना आत दुसरा कपडा घालायचा नाही. शिवण घासते आणि दुसऱ्या दिवशी बसवत नाही. संकोच वाटत असेल तर वरून सैल पँट किंवा कुर्ता घाला. घासण्याच्या जागी निघण्याआधी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. आणि पोचल्याबरोबर, चहाच्याही आधी, आंघोळ करून ते कपडे धुऊन टाका. ओल्या, घामट शॉर्टमध्ये तासभर गप्पा मारत बसलं की पुरळ आलीच. शंभर किलोमीटर एका दिवशी कुणीही काढतं. दुसऱ्या दिवशी सीटवर परत बसता येईल की नाही, ते या अर्ध्या तासात ठरतं. सीटवर मऊ जेलचं कव्हर घालायचा मोह टाळा, ते जास्त घासतं. त्याऐवजी सीटची उंची नीट करून घ्या: पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होऊ लागलं तर हँडलवरची पकड बदलत राहा.

मागचंचाक:
नाव बघून कळलंच असेल, मला शेवटून चालवायला आवडतं. त्यामुळे पंक्चर काढायचं काम नेहमी माझ्याकडे येतं. आपल्या भागात पंक्चर दोन गोष्टींनी होतं. एक म्हणजे काटे. चहाला थांबताना सायकल रस्त्याकडेच्या मातीत उतरवू नका, सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे तिथेच असतात. उचलून न्या. दुसरी म्हणजे तार. ट्रकचे टायर फुटून त्यातल्या बारीक पोलादी तारा महामार्गाच्या कडेला पडलेल्या असतात. ती तार टायरमध्ये रुतून बसते, दिसत नाही. ट्यूब बदलली की दहा मिनिटांत परत हवा जाते. म्हणून ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. अडकेल तिथे तार आहे. बोट फिरवू नका, कापेल.

प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब हव्यात. रोड आणि हायब्रिड सायकलींची ७०० मापाची ट्यूब विजयपूर सोडलं की मिळेल या भरवशावर राहू नका. दहा सायकलींत किती मापं आणि किती प्रकारचे वॉल्व आहेत याची आजच यादी करा. बारीक प्रेस्टा वॉल्व असेल तर साध्या पंक्चरच्या दुकानातला पंप बसत नाही, त्याचा छोटा अडॅप्टर मिळतो, दोन-तीन घेऊन ठेवा. गटात मिळून पंप दोन, चेन तोडायचं अवजार, चेनचा जोड, ब्रेक पॅड, थोडे स्पोक, चिकटपट्टी.

आणि आवाज द्यायची सवय लावा. पुढच्याने खड्डा, काच, गतिरोधक दिसताच मोठ्याने सांगायचं, प्रत्येकाने तेच मागे पोचवायचं. नुसता हात दाखवून भागत नाही. महामार्गावर एकेरी रांग. फाट्यांजवळ उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली हमखास असतात, तिथे गप्पा बंद. कुत्रं मागे लागलं तर जोर मारू नका, उतरा, सायकल मध्ये धरा आणि दरडावा. बहुतेक वेळा तेवढ्याने परत फिरतं.

सातरस्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. बालाघाट ताई, तुमचं उत्तर आम्ही चौघींनी एकत्र बसून वाचलं. कप वापरायचं एकीने आजच ठरवलंय.

गाडीचं असं ठरतंय की एक पिकअप सोबत घ्यायची, कारण परतीला सायकली त्यातूनच आणायच्या आहेत. होस्पेटहून गदग आणि विजयपूरमार्गे रेल्वेने यायचा विचार होता, पण दहा सायकली पार्सल कार्यालयात बुक करून त्याच गाडीत चढतील याची खात्री वाटत नाही. होटगीरोड यांची सात किलोची अट मात्र पिकअप असूनही ठेवतोय, मला ती फार पटली.

अजून एक. संध्याकाळचं कसं करता? आणि पैशांचं?

भीमाकाठ:
पैशांना एकच खजिनदार. सगळ्यांनी सारखी रक्कम आधी जमा करायची, वाटेतले सगळे सामायिक खर्च त्यातूनच, आणि रोज रात्री हिशेब गटात टाकायचा. हॉटेलात दहाजण आपापलं बिल देत बसले की अर्धा तास तिथेच जातो.

संध्याकाळ आखीव हवी. पोचलं की आंघोळ, कपडे, मग दहा मिनिटं सायकल: चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे थेंब, टायर दाबून बघणे, ब्रेक. हे अंधार पडायच्या आत. मग जेवण, आणि जेवतानाच उद्याचे थांबे ठरवून घ्या. दिवे आणि फोन चार्जिंगला लावून नऊला झोप. घोरणाऱ्यांची खोली वेगळी, हे हसण्यावारी नेऊ नका, झोप मोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी रस्त्यावर असुरक्षित असतो. लॉज आधी फोन करून ठरवा, विशेषतः आलमट्टीला. ऐनवेळी दहाजणांना जागा आणि सायकली आत ठेवायला परवानगी, दोन्ही मिळणं कठीण. खोली ठरवताना पहिला प्रश्न सायकलींचाच विचारा. गटात कुणाला कानडी येत असेल, आणि सोलापुरात ते असणारच, तर हे फोन त्यांच्याकडे द्या.

बदामीचा विश्रांतीचा दिवस कापू नका, कुणी कितीही म्हटलं तरी. सकाळी लेणी, मग अगस्त्य तलावाकाठी बसा. पण पाय पूर्ण थांबवू नका, थोडं चाला, नाहीतर पुढच्या दिवशी आखडतात. त्या पुढच्या दिवशी पट्टदकल आणि ऐहोळे दोन्ही आहेत. लवकर निघालात तर देवळं निवांत बघून उजेडात इलकल गाठाल.

कडकभाकरी:
इलकलला साड्या घेणार असाल तर पिकअप आहेच. पण आधी आंघोळ करा, मग दुकानात जा.

मागचंचाक:
ताई, निघण्याआधीच्या शनिवार-रविवारी लागोपाठ दोन दिवस चालवून बघा: एक दिवस तुळजापूर, दुसऱ्या दिवशी अक्कलकोट. पूर्ण सामान लावून, जाऊन-येऊन. रविवारी सकाळी कोण कुरकुरतं, कुणाची सीट चुकीची आहे, कुणाचं कॅरियर हलतं, सगळं समजेल. आणि दहाही सायकलींच्या मागच्या टायरचे फोटो इथे टाका. झिजलेले असतील तर बदलायला अजून वेळ आहे.