लघवीच्या आरएनए टेस्टबद्दल मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार मंडळी, बाबांना मागच्या मे महिन्यात लघवीतून रक्त गेलं, दुखणं नाही जळजळ नाही, आम्हाला वाटलं नागपूरचं ऊन, उन्हाळी लागली असेल, म्हणून आई आठवडाभर धने-जिऱ्याचं पाणी देत राहिली. मग सोनोग्राफीत ब्लॅडरमध्ये (मूत्राशयात) गाठ दिसली. दुर्बिणीने काढली, लो ग्रेड, म्हणजे हळू वाढणाऱ्या कॅन्सरची निघाली. पण ती परत येऊ शकते म्हणून सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने ब्लॅडर आतून तपासणं) करत राहावी लागते, आणि ती झाली की बाबा दोन दिवस बाथरूमच्या दाराला धरून उभे असतात, बघवत नाही हो.

आता वाचलं की लघवीतल्या नॉन-कोडिंग आरएनएवरून, म्हणजे ज्यापासून प्रोटीन बनत नाही त्या आरएनएवरून, हा कॅन्सर लवकर ओळखायचं संशोधन चाललंय. यूसीए१ नावाचा असा एक आरएनए तर ब्लॅडर कॅन्सरमध्येच सापडलेला. लघवीची सायटोलॉजी (लघवीतल्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघायची तपासणी) लो ग्रेड गाठी बऱ्याचदा चुकवते म्हणून मला यात जास्त आशा वाटते.

धंतोली, रामदासपेठ भागात कुठल्या लॅबमध्ये अशी टेस्ट होते का, की सॅम्पल मुंबईला पाठवतात? आरएनए पटकन खराब होतं म्हणतात, मग आपल्या ४५ डिग्रीत सॅम्पल कसं न्यायचं, बर्फात का? सिस्टोस्कोपी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करणार नाहीये, फक्त मधल्या काळात काही आधार मिळेल का एवढंच बघतोय. कोणी यूरोलॉजीत किंवा लॅबमध्ये असेल तर प्लीज सांगा, पुढची तारीख जवळ आलीय.