मदत हवी आहे: गोल्ड कोस्टला आईला समुद्राच्या पाण्यापर्यंत कसं न्यायचं?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही सहा जण मेलबर्नहून क्वीन्सलँड राज्यातल्या गोल्ड कोस्टला चाललो आहोत. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सध्या आमच्याकडे राहायला आलेले आई-बाबा. मंगळवारी जायचं, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी परत. विमानाची तिकिटं काढली आहेत, बाकी सगळं अजून अधांतरी आहे.

मुलांचं काय ते ठरलेलं आहे. मुलाला मूव्ही वर्ल्ड या मनोरंजन पार्कच्या मोठ्या राइड्स हव्यात, मुलीला पेंग्विन आणि डॉल्फिन. बाबांना सकाळी चालायला मोकळी जागा आणि नंतर टेकायला एक बाक मिळाला की ते खूश. माझा खरा प्रश्न आईचा आहे.

आई ७१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. घरात वॉकर घेऊन फिरते, बाहेर व्हीलचेअर लागते. तिचं लहानपण समुद्रकाठी गेलं. रात्री लाटांचा आवाज ऐकत झोपलेली बाई ती. जानेवारीत आम्ही तिला इथल्याच एका किनाऱ्यावर नेलं होतं. सिमेंटच्या वाटेवरून खुर्ची छान गेली आणि वाळूत दोन पावलं गेल्याबरोबर पुढची लहान चाकं रुतली. नवऱ्याने मागून जोर लावला तर खुर्चीच पुढे कलंडायला लागली. शेवटी आम्ही तिला वाटेच्या कडेला आणून बसवलं. तिने चपला काढून मांडीवर घेतल्या आणि बघत राहिली. मुलगा वाळूच्या खेळातली बादली घेऊन पळत गेला, समुद्राचं पाणी भरून आणलं आणि आजीच्या पायांवर ओतलं. चार-पाच खेपा केल्या त्याने. मी टॉवेल पुढे केला तर म्हणाली, "राहू दे गं, वाळू दे आपोआप."

तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे. या वेळी आईचे पाय खऱ्या लाटेत बुडले पाहिजेत. बादलीतल्या पाण्यात नाही.

म्हणून विचारते. गोल्ड कोस्टला वाळूवर चटई अंथरलेले किनारे आहेत असं ऐकलं आहे, आणि जाड फुगीर चाकांच्या खुर्च्याही मिळतात म्हणे. कोणी प्रत्यक्ष वापरल्या आहेत का? चटई पाण्याच्या किती जवळ जाते? मार्च २०२५ मध्ये आल्फ्रेड वादळाने तिथली वाळू खरवडून नेली होती, किनाऱ्यावर माणसाच्या उंचीचे कडे तयार झाल्याचे फोटो तेव्हा सगळ्यांनीच पाहिले. आता उतार पूर्वीसारखे झालेत का?

दुसरं, राहायचं कुठे? सर्फर्स पॅराडाइज, ब्रॉडबीच की बर्ली हेड्स? मागे एका दुसऱ्या गावी आम्ही "व्हीलचेअरसाठी योग्य" असं लिहिलेलं घर घेतलं होतं. दारात पायरी नव्हती, लिफ्ट होती, पण शॉवर बाथटबच्या आत. टबची कड आईच्या गुडघ्याच्या वर येत होती. तीन दिवस मी तिला खुर्चीवर बसवून ओल्या पंचाने अंग पुसून दिलं. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, पण मला ते फार लागलं. त्यामुळे फोटोवर माझा विश्वास राहिलेला नाही. नेमकं काय विचारून घ्यायचं तेही सांगा.

तिसरं, पार्क. पाच दिवसांत दोनपेक्षा जास्त करू नयेत असं मला वाटतं. कुठले दोन? आई-बाबांना घेऊन जावं की त्या दिवशी त्यांना किनाऱ्यावरच राहू द्यावं?

आणि देवमासे. आईला एकदा देवमासा बघायचा आहे. बोटीत चढणं तिला झेपेल असं वाटत नाही. किनाऱ्यावरून दिसतात का?

– रानफूल

दर्यासारंग
ताई, मी ब्रिस्बेनला राहतो आणि गोल्ड कोस्टला महिन्यातून एकदा तरी जाणं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पाण्याबद्दल. झेंडे पाहिल्याशिवाय कोणीही पाण्यात पाय टाकायचा नाही. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधलाच भाग जीवरक्षकांच्या नजरेखाली असतो. तिथला समुद्र उघडा प्रशांत महासागर आहे, तुमच्या मेलबर्नच्या पोर्ट फिलिप उपसागरासारखा आडोशाचा नाही. नवखी माणसं फसतात ती एकाच गोष्टीला. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधे एक पट्टा शांत, थोडा गडद दिसतो. मुलांना घेऊन लोक नेमके तिथेच उतरतात, कारण लाटा कमी. तोच पट्टा पाणी आत ओढून नेणारा प्रवाह असतो. मुलाला हे आधी वाळूवर उभं राहून दाखवा, तो नऊ वर्षांचा आहे, त्याला नक्की कळेल. आणि बाबा पहाटे चालायला जातील तेव्हा झेंडे लागलेले नसतात. त्या दिवसांत साडेपाचच्या सुमारासच सूर्य वर येतो. सूर्योदय जरूर बघा, पूर्वेकडचा समुद्र आहे, डोळे निवतात. पण पाण्यात जायचं ते झेंडे लागल्यावर.

चटईबद्दल. आम्ही बर्ली हेड्सला पाहिली आहे. मात्र ती पाण्याला भिडत नाही, भरती-ओहोटीप्रमाणे पुढे काही पावलं वाळू उरतेच. म्हणून चटई आणि फुगीर चाकांची खुर्ची दोन्ही हवं. खुर्ची आधी सांगून ठेवावी लागते. सिटी ऑफ गोल्ड कोस्टला, म्हणजे तिथल्या पालिकेला, जायच्या दोन आठवडे आधी फोन करा आणि त्या आठवड्यात चटई कुठल्या किनाऱ्यावर आहे तेही त्यांनाच विचारा. वादळानंतर त्यांनी मोठ्या प्रमाणावर वाळू परत आणून टाकली आहे, तरी एखाद्या मोठ्या लाटांच्या आठवड्यानंतर उतार बदलतो.

माझं ऐकाल तर आईंना पहिल्यांदा थेट समुद्रावर नेऊ नका. आधी टॅलेबजेरा क्रीकला न्या, बर्लीच्या डोंगराच्या दक्षिणेला. खाडीचं पाणी, तळाची वाळू दिसते इतकं नितळ. भरती चढत असताना जा. ओहोटी लागली की मुखाकडे पाण्याला जोर येतो, तेव्हा मुलांनाही बाहेर काढा. तिथे खुर्ची कशी हलते, आईंना गार पाणी सोसतं का, हे सगळं कळेल. सप्टेंबरअखेर पाणी २१ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे गारच.

शिंपला
राहायला ब्रॉडबीच. माझ्या सासूबाईही व्हीलचेअरवर असतात, आम्ही दोनदा तिथेच राहिलो. सगळा भाग सपाट आहे आणि ट्राम फलाटाच्या बरोबरीने थांबते, उचलाउचल करावी लागत नाही. बर्ली फार सुंदर आहे, पण चढ-उतार आहेत. सर्फर्स पॅराडाइजला रात्री खूप गजबज असते, लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन मी तरी तिथे राहणार नाही.

घर घेताना हे विचारा: शॉवरला कड किंवा पायरी आहे का, न्हाणीघराच्या दाराची रुंदी किती सेंटिमीटर, कमोडच्या शेजारी धरायला दांडा आहे का. आणि न्हाणीघराचा फोटो फोनवर पाठवायला सांगा. "रोल-इन शॉवर" हे शब्द वापरा, त्यांना लगेच कळतं. गोल्ड कोस्टच्या जुन्या इमारतींत टबातले शॉवर सर्रास आहेत. तुम्ही पंचाने अंग पुसून दिल्याचं वाचून गलबललं. पुन्हा तसं होऊ नये.

ट्राम, बस आणि रेल्वेला ऑगस्ट २०२४ पासून एका प्रवासाला ५० सेंटच पडतात, अंतर कितीही असो. हेलेन्सवेलपर्यंत ट्रामने आणि तिथून मूव्ही वर्ल्डला बस, असं आरामात जाता येतं. गाडी भाड्याने घेणार असाल तर धाकटीसाठी सीट आधीच सांगा. सात वर्षांखालच्या मुलांना ती सक्तीची आहे.

दर्यासारंग
पार्कचं राहिलं होतं. सी वर्ल्ड, मूव्ही वर्ल्ड आणि वेट'न'वाइल्ड एकाच कंपनीची आहेत, तिघांचा मिळून पास मिळतो. ड्रीमवर्ल्ड वेगळं, त्याचं तिकीटही वेगळं. तुमच्यासाठी सी वर्ल्ड आणि मूव्ही वर्ल्ड. सी वर्ल्ड १९७१ पासूनचं, द स्पिट या वाळूच्या पट्ट्यावर आहे. पेंग्विन, सील, डॉल्फिन, बसून बघायचे कार्यक्रम. तिथे आई-बाबांना नक्की न्या. मूव्ही वर्ल्डला मात्र नवरा आणि मुलगा दोघंच गेले तरी चालेल. आदल्या रात्री मुलाची उंची मोजा आणि प्रत्येक राइडची अट संकेतस्थळावर बघून घ्या. दीड तास रांगेत उभं राहून मोजपट्टीखाली दोन सेंटिमीटर कमी भरलेली मुलं मी रडताना पाहिली आहेत.

बुधवार-गुरुवारी पार्क करा. क्वीन्सलँडमध्ये आणि तुमच्या व्हिक्टोरियातही शाळांना सुट्ट्या असतात, शिवाय ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी क्वीन्सलँडमध्ये राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, म्हणजे तुमचा शनिवार-रविवार तुडुंब गर्दीचा.

भटकभवानी
देवमासे किनाऱ्यावरून दिसतात. हंपबॅक जून ते ऑक्टोबर या किनाऱ्याने जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते पिल्लांना घेऊन दक्षिणेला, अंटार्क्टिकाकडे परतत असतात, आणि पिल्लांमुळे चाल संथ असते. पॉइंट डेंजरला जा, कूलनगट्टाच्या टोकाला. गाडी अगदी जवळ लावता येते, बसायला जागा आहे. १७७० मध्ये कुकने या टोकाला हे नाव दिलं. दुर्बीण न्या आणि आधी फवारा शोधा, अंग नंतर दिसतं. आम्ही तासाभरात तीन फवारे मोजले, चौथ्याला शेपूट वर आली तेव्हा शेजारचे अनोळखी आजोबा माझ्या मुलाचा हात धरून ओरडले होते.

एक सावधगिरी. ते टोक क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. तुम्ही परतता त्याच रविवारी पहाटे न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात उन्हाळी वेळेसाठी घड्याळ एक तास पुढे जातं, क्वीन्सलँडमध्ये नाही. विमानतळही सीमेवरच आहे, पण तो चालतो क्वीन्सलँडच्या वेळेवर. तिथे फोन पलीकडचा टॉवर पकडतो आणि वेळ स्वतःहून बदलते. एक साधं मनगटी घड्याळ जवळ ठेवा.

आणि किनाऱ्यावर निळे, फुग्यासारखे छोटे जीव पडलेले दिसले तर मुलीला हात लावू देऊ नका. त्यांना ब्लूबॉटल म्हणतात, मेल्यावरही डंख करतात. डंख झालाच तर धागे काढून टाका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं धरा. व्हिनेगर नको.

रानफूल
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं आणि आम्ही ठरवूनच टाकलं.

ब्रॉडबीचला घर मिळालं. न्हाणीघराचा फोटो मागवला, शॉवर सपाट जमिनीवर आहे, दार ८५ सेंटिमीटर. आमची खुर्ची मोजली, ६३. बुधवारी सगळे सी वर्ल्डला, गुरुवारी बापलेक मूव्ही वर्ल्डला आणि त्याच दिवशी आम्ही बाकीचे टॅलेबजेराला. शुक्रवारी पॉइंट डेंजर. शनिवारी गर्दी व्हायच्या आत बर्ली.

पालिकेला फोन केला होता. बाई फार प्रेमाने बोलल्या. खुर्चीची विनंती नोंदवून घेतली आणि जायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा विचारा म्हणाल्या. आईला अजून काही सांगितलेलं नाही. बाबांना सांगितलं, तर ते उठून कपाटातून आईची जुनी सुती नऊवारी काढून ठेवून आले. पाण्यात ती पायात अडकेल, गुडघ्यापर्यंतची सैल पँट बरी, असं मला वाटतं. पण बाबा म्हणतात, ती समुद्रात कधी दुसऱ्या कशात गेलेली नाही.

दर्यासारंग, एवढंच सांगा: शनिवारी बर्लीला भरतीच्या वेळी जावं की ओहोटीच्या? चटईच्या टोकापासून पाणी जवळ हवं, पण लाट खुर्ची हलवेल इतकी मोठी नको.

दर्यासारंग
चढत्या भरतीत, पूर्ण भरतीच्या दोन तास आधी. आणि झेंड्यांच्या मधे. पोचल्यावर आधी जीवरक्षकाला जाऊन सांगा की आईंना पाण्यात न्यायचं आहे, नेमकी जागा तेच दाखवतील. खुर्चीच्या मागे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तिघे हवेत. नवरा, तुम्ही, आणि तिसरा मी येतो. शनिवारी मला सुट्टीच असते.