फाइल टाकली म्हणजे उपकार केले का?

सूरसागरकाठचा:
काल इथे एका एडिसनवासी गृहस्थांनी लिहिलं की अमेरिकेचं नागरिकत्व मिळालेल्या प्रत्येक बडोदेकराने भावाबहिणींची फाइल, म्हणजे त्यांना कायमचं तिकडे नेण्याचा अर्ज, टाकलीच पाहिजे, 'एक फॉर्म तर भरायचा असतो', आणि वीस वर्षांनी नंबर लागल्यावर 'आता नको' म्हणणारे ते कृतघ्न. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून लिहितोय. लांबेल.

त्या कृतघ्नांपैकी मी एक.

ताईने माझी फाइल सप्टेंबर २००५ मध्ये टाकली. मी चाळिशीचा, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार. बायकोने देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी सेव-उसळ खायला उभा होतो तर गाडीवाला विचारतो, "साहेब, फाइल मुकाई गई?" त्याला कुणी सांगितलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हापासून अठरा वर्षं मी गल्लीत फाइलवाला. गोत्रीला फ्लॅट बघितला, टोकन देणार होतो, तर सगळे म्हणाले कशाला, जायचंच आहे. दांडिया बाजारच्या घराचं छत गळायचं, त्याला डांबराचा कागद लावून भागवलं, जायचंच होतं ना. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्या फाइलींचा नंबर आला ते सांगणारं अमेरिकेचं सरकारी पत्रक, उघडायचं, एफ-४च्या म्हणजे भावंडांच्या ओळीत इंडियाचा रकाना बघायचा. तारीख कधी तीन आठवडे पुढे, कधी जागच्या जागी, कधी चक्क मागे.

२०१४ मध्ये भाचीचं लग्न. व्हिजिटर व्हिसासाठी मुंबईला गेलो. फॉर्ममध्येच प्रश्न असतो, तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केलाय का. खरं तेच लिहिलं. खिडकीवर तीन मिनिटं, पासपोर्ट परत. पुन्हा भरला, पुन्हा तेच. लग्न मी घरी स्काइपवर बघितलं, तेही सप्तपदीच्या चौथ्या पावलाला अडकलं. जी फाइल मला बहिणीकडे कायमचं नेणार होती, तिच्यापायीच चार दिवसांसाठी जाता आलं नाही.

२०२३ मध्ये नंबर लागला. मी अठ्ठावन्न. मुलगा सत्तावीस, म्हणजे आईबापांसोबत जायची एकवीसची मर्यादा ओलांडून गेलेला, बाद. मुलगी बावीस, तीही बाद, असं एजंट म्हणाला. आम्ही नवराबायकोने जायचं, या वयात कुठल्या तरी स्टोअरच्या गल्ल्यावर उभं राहायचं आणि ग्रीन कार्ड घेऊन मुलाची फाइल टाकायची. तिचा नंबर लागेपर्यंत त्याने लग्न करायचं नाही, कारण लग्न केलं की ग्रीन कार्डवाल्या आईबापांची फाइल रद्द. मी भोगलं ते पोराने पुढे भोगायचं. मी नको म्हटलं. ताई सहा महिने बोलली नाही.

टाका फाइली, जरूर टाका. पण उपकाराचं बिल पाठवू नका.

एडिसनची आत्या:
कालची पोस्ट माझी नाही आणि ते गृहस्थ माझे कोणी लागत नाहीत, हे आधी सांगते. पण तुम्हाला कुणी सांगितलं होतं अठरा वर्षं पाय पोटाशी घेऊन बसायला? वेटिंगचं तिकीट काढलं म्हणून कुणी घरातला गॅस बंद करून फलाटावर राहायला जातं का? फ्लॅट घ्यायचा होता, गेलात की विकता आला असता.

आणि 'एक फॉर्म' म्हणणाऱ्यांनाही सांगते. मी तीन भावांच्या फाइली टाकल्या. आय-१३०, म्हणजे फाइल टाकायचा पहिला फॉर्म, हा नुसता उंबरठा. खरी गंमत शेवटी, आय-८६४ला, म्हणजे येणाऱ्याच्या खर्चाची हमी लिहून देताना. धाकट्याचा नंबर लागला तेव्हा हे रिटायर झालेले, उत्पन्न कमी पडलं, सहीला दुसरा माणूस हवा. जावयाला गळ घातली. पटेलांचा मुलगा, कागद शेवटपर्यंत वाचला. म्हणाला, "मम्मी, मामा नागरिक होईपर्यंत किंवा त्यांची दहा वर्षांची कमाई भरेपर्यंत सरकार मला धरणार?" म्हटलं हो. दोन दिवस कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकलेला, मी येता-जाता बघायची. तिसऱ्या दिवशी सही केली. मामा तीन महिन्यांत परत. का, तर इथे कोपऱ्यावर रिक्षा मिळत नाही आणि चहा प्यायला जायचं तर कोणाला तरी गाडी काढायला लावावी लागते. जावयाच्या डोळ्याला डोळा मी कसा दिला ते मलाच ठाऊक. कृतघ्न हा शब्द मी वापरणार नाही, पण दुसराही सापडत नाहीये.

सूरसागरकाठचा:
म्हणजे तुम्हीही बिलच पाठवलंत, फक्त शब्द न लिहिता.

मांजलपुरी:
दोघांना दंडवत. साऱ्या जगातल्या भावंडांना मिळून वर्षाला ६५,००० व्हिसे, त्यातही भावासोबत येणारी वहिनी आणि पोरं मोजली जातात. भारताची रांग २०२५ मध्ये कुठे २००६च्या फाइलींपाशी होती. आज टाकणाऱ्याने नातवाच्या नावाने टाकावी. अरे हो, नातवाची टाकताच येत नाही.

ब्रॅम्प्टनवाला:
तुम्ही रांगेला रडताय, आमच्याकडे भावासाठी रांगच नाही. पोरका अल्पवयीन भाऊ किंवा असेच एक-दोन अपवाद सोडले तर कॅनडात भावंडं आणता येत नाहीत. आईबाबांसाठी लॉटरी. २०२० मध्ये ज्यांनी नाव नोंदवलं त्यांच्यातूनच पुढे वर्षानुवर्षं चिठ्ठ्या काढल्या, मी २०२१ला पोचलो म्हणून बाहेर. लॉटरी लागली तरी तीन वर्षांचं उत्पन्न दाखवा आणि वीस वर्षं आईबाबांचा भार सरकारवर पडू देणार नाही असं लिहून द्या. शेवटी आईला सुपर व्हिसावर, म्हणजे आईबाबांसाठीच्या लांब मुदतीच्या भेटीच्या व्हिसावर, आणलं, सलग पाच वर्षं राहता येतं, पण एक लाख डॉलरचं कव्हर असलेला विमा काढायचा. त्या हप्त्यात मांजलपूरला

मांजलपुरी:
विषय अमेरिकेचा चाललाय. आणि मांजलपूरला का ओढता?

ब्रॅम्प्टनवाला:
चुकून पाठवलं गेलं. त्या हप्त्यात मांजलपूरला एका घराचं वर्षाचं भाडं सुटेल, असं म्हणायचं होतं. विषय नातेवाइकांना नेण्याचा आहे, मीही नेतोच आहे. असो.

फतेगंजचा शहाणा:
सूरसागरकाठचे, मुलीचा हिशेब कुणी केला होता? २००२ चा कायदा आहे. बहिणीचा अर्ज मंजूर व्हायला जितके दिवस लागले, तितके नंबर लागतानाच्या मुलांच्या वयातून वजा होतात. मंजुरी कधीची?

सूरसागरकाठचा:
ऑक्टोबर २००९. पण एजंटने स्पष्ट सांगितलं होतं.

फतेगंजचा शहाणा:
म्हणजे चार वर्षं. मुलगा सत्तावीसातून चार, तेवीस, गेलाच. मुलगी बावीसातून चार, अठरा. ती बसत होती. फक्त नंबर लागल्यापासून वर्षाच्या आत तिच्यासाठी हालचाल दिसायला हवी होती. काय काय भरलं होतं ते खऱ्या वकिलाला दाखवा, पानाच्या गल्ल्यावर अमेरिका विकणाऱ्याला नको.

कारेलीबागची:
वयाचं राहू द्या, आमच्याकडे फाइल अडली ती नावावर. आईने मामाची टाकली. सख्खी भावंडं आहेत हे दाखवायला दोघांचे जन्मदाखले लागतात. आई म्हणजे आजीचं पहिलं बाळंतपण, रिवाजाप्रमाणे माहेरी, इंदूरला. तिथे नोंद करायला पणजोबा गेले आणि बाळाच्या आईच्या रकान्यात आपल्या लेकीचं, म्हणजे आजीचं, नाव त्यांनी जे ठेवलं होतं तेच लिहून आले, मनोरमा. मामा बडोद्याचा. खंडेराव मार्केटातून उतारा आणला, त्यात आईच्या रकान्यात आजीचं सासरचं नाव सुशीला आणि बाळाचं नाव कोरंच, नुसतं 'बाबो'. अमेरिकेतून पत्र आलं: वडील एक, आया दोन दिसतात, तरी वडिलांच्या दोन्ही विवाहांचे आणि पहिला विवाह संपल्याचे पुरावे जोडा.

आजी ऐंशीच्या पुढची. तिला पत्र मराठीत सांगितलं. ती ताक घुसळत होती, रवी न थांबवता म्हणाली, "पहिली मीच, दुसरीही मीच, लिहून टाका." लिहून टाकून भागलं नाही. प्रतिज्ञापत्रं, आजीची लग्नपत्रिका, आणि तिला दोन्ही नावांनी ओळखणारं एक जिवंत माणूस. ते माणूस देवासला सापडलं, तिची मावसबहीण. चौदा महिने गेले. का? तर लग्नात ताटभर तांदळात कुणीतरी अंगठीने सुशीला लिहिलं.

रावपुऱ्याचा:
वाटच बघत होतो, कोण संस्कृतीवर घसरतंय. नाव बदलणं हौसेचं असायचं. माझ्या आईला सासरचं नाव फार आवडायचं.

कारेलीबागची:
तिला विचारलं होतंत?

रावपुऱ्याचा:
आईला असलं काही विचारायचं नसतं, कळतं.

एडिसनची आत्या:
न विचारता कळणारेच एजंटकडे जातात. अहो, माझी तीन नावं आहेत. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, आणि इथल्या सोशल सिक्युरिटी कार्डावर ह्यांचं नाव माझ्या पहिल्या नावाला चिकटून एकच लांबलचक शब्द झालाय. डॉक्टरकडे नावाचा पुकारा झाला की मी उठतच नाही, कुणा दुसऱ्या बाईला हाक मारतायत असं वाटतं. समोरच्या हंसाबेन लग्नाआधीही हंसा, नंतरही हंसा, फक्त मधलं नाव आणि आडनाव बदललं. सयाजीरावांनी १९०६ मध्ये पोरींनासुद्धा सक्तीने शाळेत बसवलं, त्या गावच्या आपण. शाळेत गिरवलेलं नाव लग्नात पुसायचं!

रावपुऱ्याचा:
महाराजांना मध्ये आणू नका. उद्या मंगळसूत्राचंही प्रतिज्ञापत्र मागतील आणि तुम्ही तेही काढून द्याल. अमेरिकेचा एक कारकून आम्हाला आमच्या घरातल्या बायकांची नावं शिकवणार?

कारेलीबागची:
तुम्हाला येत असती तर त्याने विचारलं नसतं. तुमच्या आजीचं माहेरचं नाव सांगा. आत्ता. कुणाला फोन न करता.

मांजलपुरी:
फाइल राहिली बाजूला, इथे वंशावळ निघाली.

कारेलीबागची:
वीस मिनिटं झाली.

रावपुऱ्याचा:
आजीचं नाव गोदावरी. हो, काकूला फोन करून विचारलं, झालं समाधान? कागदांना त्रास होतो एवढं मान्य. त्याला उपाय आहे, वेळीच लग्नाची नोंदणी करावी, राजपत्रात नाव द्यावं. परंपरा कशाला मोडायची?

एडिसनची आत्या:
त्या मावसबहिणीला देवासहून प्रतिज्ञापत्राला कोण घेऊन आलं, राजपत्र?

सूरसागरकाठचा:
मी धागा काढला होता फाइलीवर. असू दे.

एजंटला तीनदा फोन लावला, उचलत नाही. आम्ही पैसे फक्त आमच्या दोघांचे भरले होते, तोच म्हणाला होता मुलीचे भरून वाया घालवू नका. वर्ष केव्हाच उलटलं. शहाणे, वकिलाला दाखवतो. मुलीला आत्ताच सांगितलं. ती फाइन आर्ट्स करून पुण्याला नोकरीला आहे. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, २०२३ मध्ये तुम्ही, आई, आत्या आणि तो एजंट एवढे जण ठरवत होतात. मी शेजारच्या खोलीत होते." पुढे मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

आत्याबाई, एक मागे घेतो. ताईला विचारायला हवं होतं. तिच्या सुनेच्या ओळखीत इमिग्रेशनचा वकील आहे, पण आपली अडचण तिकडे कशाला उघडी करायची म्हणून मी एजंट गाठला.

एडिसनची आत्या:
आणि मी जावयाची सही तुमच्या डोक्यावर मारली, ती माझ्या भावाची होती, तुमची नव्हे. तेवढंच मागे. फलाटाचं नाही.

सूरसागरकाठचा:
मी ह्यांची बायको. हे खाली दूध आणायला गेलेत, फोन टेबलावर आहे, सगळं वाचलं. गोत्रीचा फ्लॅट फाइलीमुळे राहिला नाही. टोकनचे पैसे ह्यांनी शेअरमध्ये घातले आणि २००८ मध्ये ते बुडाले, त्यामुळे राहिला. छताचंही तेच. ताईंच्या फाइलीवर एवढं सगळं ढकलू नये. त्यांनी दर दिवाळीला फोन करून 'तयारीत राहा' म्हटलं, त्याचा मात्र मलाही राग होता.

कारेलीबागच्या ताई, माझंही नाव तांदळातलंच आहे. आधीचं इथे लिहीत नाही.

सूरसागरकाठचा:
आलो. वाचलं. फ्लॅटचं मागे घेतो. सप्तपदीचं नाही.