पहिलीचा प्रवेश: गावातली झेडपी की व्हॅनवाली इंग्रजी शाळा?

प्रश्न (अमळनेर तालुका): मुलगी जूनमध्ये पहिलीला. घरात अहिराणी. शाळा बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं?

खडू-फळा: आधी शिक्षक मोजा. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. एक मीटिंगला गेला की पाचही वर्ग एकाच्या गळ्यात. म्हणून न कळवता, साध्या दिवशी जा. तिसरीच्या पोराला ५२ वजा २७ करायला सांगा. उत्तर ३५ आलं तर हातचा डोक्यात बसलेला नाही, बहुधा मोठ्या अंकातून लहान अंक काढायची सवय लागलीय. दोनचार पोरांचं तेच आलं तर दोष शिकवण्याचा. वाचायला पुस्तकातला धडा देऊ नका, तो पाठ असतो.

तापीकाठ: भाऊ, बाईंना अहिराणी समजते का तेही बघा. पहिलीत पोर घरच्या बोलीत उत्तर देतं, ते चूक धरलं की गप्पच बसतं. इंग्रजी शाळेत तर दोन नव्या भाषा एकदम.

पालक समिती: खासगीत मान्यता कितवीपर्यंत आहे ते कागदावर बघा, शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर) मागा. प्रवेशाला मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणं कायद्याने बंद आहे. झेडपीत शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचा.

खडू-फळा: आणि संडासाचा नळ स्वतः सोडून बघा. पत्र्याचं छप्पर असेल तर मार्चात दुपारी वर्गात पंधरा मिनिटं बसा.