मदत हवी आहे: आपला ऊस आणि ब्राझीलचा ऊस, तुलना कशाच्या मापानं करायची?

नमस्कार मंडळी, मी चिक्कोडी तालुक्यातली, बेळगावात एमए इकॉनॉमिक्स करतेय. प्रोजेक्टला साखर धंदा घेतलाय, भारत आणि ब्राझीलमध्ये कुणाचा जास्त टिकाऊ हे बघायचं. गाईड म्हणतात हेक्टरी उतारा, इथेनॉल नि कार्बन असे तीन कॉलम घे आणि टेबल कर. पण भरायला बसलं की वाटतं ह्यात आमच्या भागातलं खरं काहीच येत नाही.

म्हणजे बघा, उतारा दोन्हीकडं साधारण सारखाच, हेक्टरी ७५-८० टनांच्या आसपास. पण ब्राझीलच्या साओ पावलो राज्याकडचा बहुतेक ऊस पावसावर येतो आणि आमच्याकडं लावणीपासून नदी, कॅनॉल नाहीतर बोअर. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल रोडमॅपमध्येच उसाच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी धरलंय. नुसतं लिटरमध्ये मोजलं तर पावसाचं नि बोअरचं पाणी एकच होऊन बसतं, म्हणून वॉटर फूटप्रिंटमधलं (पिकाला लागलेल्या एकूण पाण्याच्या हिशोबातलं) ग्रीन म्हणजे पावसाचं आणि ब्लू म्हणजे नदी-कॅनॉल-बोअरचं पाणी वेगळं धरावं म्हणतेय. पण आपल्या जिल्ह्याचा उसापुरता ब्लूचा आकडा कुठं मिळेल? केंद्रीय भूजल मंडळाचे तालुकावार रिपोर्ट बघितले, त्यात पीकवार नाही.

दुसरं अडलंय माणसांवर. साओ पावलोत २००२ च्या कायद्यानं ऊस पेटवून तोडणं टप्प्याटप्प्यानं बंद होत गेलं, मशीन आल्या, धूर कमी झाला, पण तोडणाऱ्यांचं काम गेलं ते कार्बनच्या कॉलमात कुठं दिसणार? आणि आमच्याकडं ऊसतोड टोळीतल्या बाया अंधारातच फडात उतरतात, तोडायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढवायची, लेकरं तिथंच खोपीत, उसाचं वाडं विकून वर चार पैसे मिळाले तर मिळाले. हे सगळं 'रोजगार' म्हणून एका आकड्यात घातलं तर आपणच भारी दिसतो, आणि ते मला अजिबात पटत नाही. मजुरी, शाळा सुटलेली पोरं, बायकांची तब्येत असलं काही धरून देशादेशांची तुलना कुणी केलीय का? कशी?

अजून एक, साखरेबरोबर मळीचं इथेनॉल नि बगॅसची (चिपाडाची) वीज पण निघते, तर पाण्याचा हिशोब तिघांत वाटायचा कसा, किमतीनं की वजनानं?

ज्यांनी असलं काम केलंय त्यांनी प्लीज सांगा. कन्नड रिपोर्ट असले तरी चालतील, वाचता येतं.